पाण्यात उतरलेले बांध

सारी नोकरी मी शेवगावात भूगोल शिकवण्यात घालवली, आणि त्या सगळ्या भूगोलात मला राग यायचा तो समुद्राच्या सीमांच्या धड्याचा. धडा कसला, चार ओळी. बारा सागरी मैलांपर्यंत देशाचा प्रादेशिक समुद्र, चोवीसपर्यंत लगतचा पट्टा, दोनशेपर्यंत अनन्य आर्थिक क्षेत्र. संपलं. पोरं घोकायची, पेपरात उतरवायची, मार्क घ्यायची. पण हे बारा मैल मोजायचे कुठून, असं विचारलं की अख्खा वर्ग माझ्या तोंडाकडे बघत बसायचा. शून्य कुठं ते माहीत नाही आणि दोनशे तोंडपाठ.

पोरांचा तरी काय दोष म्हणा. समुद्र त्यांनी मोबाईलवर पाहिलेला. बांध मात्र आमच्याकडे चालायला लागल्यापासून कळतो. कुणी बांध कोरला, कुणी नांगराची एक सरी पलीकडे घातली, यावरून सख्ख्या भावांची बोलणी बंद होतात. म्हणूनच एकदा एका पोरीने विचारलं, "बाई, पाण्यावर बांध घालतात तरी कसा?" वर्ग हसला. मी हसणाऱ्यांना उभं केलं आणि तिला सांगितलं, या धड्यात विचारण्यासारखा हा एकच प्रश्न होता आणि तो तू विचारलास.

मग मी पुस्तक मिटलं आणि फळ्यावर किनारा काढला. पाण्यावर बांध घालता येत नाही, म्हणून सुरुवात जमिनीवरून करायची. पण समुद्र कुठे एका जागी थांबतो? भरतीला आत येतो, ओहोटीला मागे जातो. मग काठ कुठला धरायचा? तर ओहोटीला पाणी जिथवर मागे सरतं ती रेघ धरायची. तिला आधाररेषा म्हणतात. देश आपल्या नकाशावर ती काढून ठेवतात आणि पुढचे सगळे मैल तिथून मोजतात. किनारा फार दातेरी असेल, खाडीमागून खाडी असेल, तर दर दातात शिरत बसायचं नाही, टोकाला टोक जोडून सरळ रेघ मारायची. आणि दोन देश जवळजवळ असले, प्रत्येकाच्या मैलांना पुरेल एवढं पाणीच मध्ये नसलं, तर दोघांपासून सारख्या अंतरावर रेघ काढायची. एवढं सांगितलं की पोरांचे डोळे चमकायचे. भांडण आलं ना, भांडण आमच्या पोरांना बरोबर समजतं.

पुढे एक वर्ष सहल कोकणात नेली. किनाऱ्यावर उतरल्या उतरल्या मी फर्मावलं, जिथे पाणी संपतं तिथे काठी रोवा. अर्ध्या पोरांनी काठ्या रोवल्या, अर्ध्यांनी आळस करून चपला ठेवल्या. डबे खाऊन परत आलो तर काठ्या गुडघाभर पाण्यात आणि चपला कुणाच्या कुणाला सापडेनात. मुख्याध्यापक माझ्यावर चिडले, कारण परतीच्या गाडीत निम्मा वर्ग अनवाणी होता. पण त्या दिवशी एक मुलगी म्हणाली, "बाई, आपलं जायकवाडी पण असंच करतंय की. फक्त त्याची भरती वर्षातून एकदाच येती." मला इतका आनंद झाला की तिला मी माझी चप्पल देऊ केली. ती तिला फार मोठी झाली.

खरं होतं तिचं. माझं माहेर जायकवाडी धरणाच्या फुगवट्याच्या पाण्याकाठी आहे. धरण झालं तेव्हा आमच्या गावची खालची जमीन पाण्यात गेली आणि वरची थोडी राहिली. पावसाळ्यानंतर पाणी आमच्या बांधापर्यंत येऊन टेकतं, आणि थंडी सरली की हळूहळू मागे जातं. मागे जाताना तळाचा गाळ उघडा पडतो. काळा, मऊ, कित्येक महिने पाण्याखाली मुरलेला. त्यात दाणा टाकला की उगवतो, फारसं काही करावं लागत नाही. याला गाळपेर म्हणतात. कागदावर ती जमीन सरकारची, हंगामापुरती कसायला मिळते, आणि ज्यांचं बुडालं त्यांचा हक्क आधी. पण माझी रेघ कुठली आणि तुझी कुठली, हे काही कोणी साहेब येऊन चिखलात उभा राहून सांगत नाही. ते गावच ठरवतं.

आणि गावाने ठरवलंय ते असं: वर ज्याचं शेत आहे त्याने आपले दोन्हीकडचे बांध सरळ खाली पाण्याकडे वाढवायचे. पाणी जसं मागे जाईल तशा त्याच्या रेघा पुढे जायच्या. दोन काठ्या रोवायच्या, एक डोळा मिटून बघायचं, तिसरी काठी त्याच सरळीत रोवायची. सोपा हिशेब, अंगठाछाप माणसालाही पटणारा. मी लहानपणापासून हेच बघत आले, आणि सांगायला हरकत नाही, मलाही ते कधी चुकीचं वाटलं नव्हतं.

माझा थोरला भाऊ दोन वर्षांपूर्वी गेला. मागे वहिनी राहिली. मुलगा पुण्याला चांगल्या नोकरीत, त्याचा फ्लॅट, सून, नात. मुलगा गुणाचा आहे, आईवर जीव आहे त्याचा, पण प्रत्येक फोनला एकच पालुपद: शेत कुणाला तरी वाट्याने दे आणि इकडे ये. वहिनी म्हणायची, बघू. पुण्याला ती दोनदा राहून आली. दोन्ही वेळा आल्यावर मला म्हणाली, "वन्सं, समदं लई चांगलं हाय तिथं. फक्त सकाळी उठून कुठं जायाचं तेच समजत न्हाई." शेवटी मायलेकांचं ठरलं की एक हंगाम वहिनी एकटीने गाळपेर करून दाखवेल. झालं तर राहील. नाही झालं तर मुकाट्याने पुण्याला जाईल. शब्द दिला तिने, आणि वहिनी शब्दाची पक्की आहे, मोडणार नाही.

तर यंदा शिमग्याच्या आधी मी माहेरी गेले. वहिनी घरी नव्हती, म्हणून तशीच खाली काठाकडे उतरले. पाणी यंदा फार लांब गेलेलं. एरवी या दिवसांत जिथे गुडघाभर पाणी असतं तिथे भेगाळलेला चिखल, आणि पाणी पार तिकडे, चकाकणारी पट्टी नुसती. वहिनीने टरबूज लावलेलं. वेल पसरलेले, फळं मुठीएवढी धरलेली. आणि त्या वेलांना वहिनी घागरीने पाणी घालत होती. पाण्याचं इंजिन बाजूला गप्प उभं, पाईप गुंडाळून ठेवलेला.

"हे काय चाललंय?" मी विचारलं.

"व्यायाम," ती म्हणाली. "पुन्यात लोकं पैशे देऊन करत्यात."

हसून बोलत होती, पण हाताला फोड आलेले दिसत होते. घागर तिच्या हातातून काढून घेतली आणि तिला बांधावर बसवली. मग एकेक गोष्ट बाहेर पडली.

हे नीट समजून घ्यायचं तर आमच्या काठाचा आकार डोळ्यापुढे आणा. आमच्या शेतापाशी काठ आत वळतो, घोड्याच्या नालेसारखा. नालेच्या पोटात वहिनीचं शेत. एका बाजूला माझा चुलतभाऊ, दुसऱ्या बाजूला तात्या. तात्या म्हणजे आमचे जुने शेजारी, साखर कारखान्यातून निवृत्त झालेले, ज्यांच्या घरची बुद्धपौर्णिमेची खीर खाऊन मी मोठी झाले. आता या नालेत आतल्या बाजूला तिघं उभे करा आणि प्रत्येकाला सांगा, नाकासमोर चालत राहा. काय होईल? एकमेकांवर आदळतील. आमच्या बांधांचंही तेच झालं. वहिनीच्या दोन्ही बाजूचे बांध सरळ पुढे जाता जाता एकमेकांच्या जवळ आले आणि तिच्या समोर एका जागी भेटले. तिचा तुकडा झाला टोपीच्या टोकासारखा, पुढे काहीच नाही. आणि पाणी त्या टोकाच्याही पुढे गेलेलं.

एरवी पाणी त्या टोकापर्यंत उतरतच नाही. कधी एखाद्या वर्षी उतरलं असेल, तर भाऊ होता तेव्हा त्याचा पाईप याच्यातून जायचा, त्याच्यातून जायचा, कोणी विचारत नव्हतं. दोन्ही घरी चहा ठरलेला. यंदा मात्र टोकाच्या पुढच्या गाळावरून तात्या आणि माझा चुलतभाऊ यांचंच वाजलं. कारण बांध भेटून थांबले नाहीत, पुढे जाऊन एकमेकांना ओलांडून गेले. चुलतभाऊ म्हणे माझा बांध सरळ इथवर येतो, ही जमीन माझी. तात्या म्हणत माझाही सरळच येतो, माझी. दोघंही खरं बोलत होते. दोघांच्याही काठ्या सुतासारख्या सरळ होत्या.

मध्ये चेंगरली माझी वहिनी. तात्यांनी मोठ्या मनाने सांगितलं, पाईप टाका माझ्या जागेतून. तर चुलतभाऊ म्हणाला, ती जागा त्यांची न्हाईच, परवानगी देणारे ते कोण? मग तो म्हणाला, वैनी, पाईप माझ्यातून टाका. तर तात्या म्हणाले, त्याच्या परवानगीने टाकला तर जागा त्याची झाली की. एरवी दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ होतो म्हणतात. इथे तिसरी घागरी वाहत होती. माणसाला कोणी अडवत नव्हतं, पाईपला अडवत होतं.

"मला का नाही कळवलंस?" मी म्हटलं.

"तुमी आला असता भांडायला," वहिनी म्हणाली. "मला भांडन नको, पानी पायजे हुतं."

आणि मग खाली बघत म्हणाली, "आता घागरीवर हे वेल काय निघत न्हाईत, वन्सं. आठवडाभरात वाळत्याल. चुलतभावजींनी पोराला फोन केलाता, की आईचं काय हुईना, मी करतो वाट्यानं, घेऊन जा तिला. पोरगा रविवारी गाडी घेऊन येतो म्हनलाय." तिला रडू आलं नव्हतं, मलाच आलं. आणि रडू आलं की मला पाठोपाठ राग येतो. तळपायाची आग मस्तकात गेली म्हणतात ना, ती तशीच घेऊन मी चुलतभावाच्या घरी गेले.

तो मला आक्का म्हणतो, धाकटा आहे माझ्याहून. चहा झाला. मी सुरू केलं. म्हटलं, बाबा रे, तुमचं हे जे चाललंय ते काही जगात पहिल्यांदा होत नाही. मोठमोठे देश यात अडकलेत. बंगालच्या उपसागराचा वरचा काठ बघ, असाच आत वळलेला. मध्ये बांगलादेश, इकडे आपण, तिकडे म्यानमार. दोन्हीकडून सारख्या अंतराच्या रेघा काढल्या तर मधल्याचं तोंड समुद्रात थोड्याच अंतरावर बंद होतं, पुढचा सगळा समुद्र दोन्ही शेजाऱ्यांचा. मधला म्हणाला, किनारा मी वाकवला नाही, निसर्गाने वाकवला, त्याची शिक्षा मला का? आणि न्याय करणाऱ्यांनी ते ऐकलं. तिथली रीतच अशी आहे, आधी सारख्या अंतराची रेघ काढून बघायची, मग ती कुणाचा गळा दाबते का ते बघायचं, आणि दाबत असेल तर सरकवायची.

त्याने सगळं शांतपणे ऐकलं, कपबशी खाली ठेवली आणि म्हणाला, "आक्का, समुद्राचा कायदा समुद्राला. हितं आज्यापासून बांध सरळ हाय. मी काय वाकडा नेला का?"

मी म्हटलं, आज्याच्या वेळी इथे धरणच नव्हतं. तो म्हणाला, "तेच की, तवापासनं सरळ हाय." पालथ्या घड्यावर पाणी. मी आवाज चढवला, त्याची बायको आतून बाहेर आली, आणि मी वहिनीने सांगितलं होतं तेच करून बसले: भांडून आले.

तात्यांकडे गेले तर ते नम्रपणे म्हणाले, "बाई, तुमचं बरोबर आहे. पण पहिलं पाऊल मी मागं घेतलं तर तो पुढं टाकनार. त्यानं घ्यावं, मी लगेच घेतो." देशांचे परराष्ट्रमंत्री याहून वेगळं काय बोलतात, मला सांगा.

त्या संध्याकाळी फोनवर नवऱ्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "शाळेत तू पोरांना असं तोंडी सांगून कधी काही समजलं होतं का? फळ्यावर काढायचीस ना?" नवरे कधीमधी कामाचं बोलतात. गावच्या शाळेतले मास्तर माझेच विद्यार्थी. त्यांना फोन केला आणि सकाळी मैदान आखायची पांढरी फक्की, एक गोणी भरून, मागवून घेतली.

सकाळी दोघांना काठावर बोलावलं. भांडायला नाही, कबड्डीचं मैदान आखायला या म्हटलं. आले. वहिनी घागर घेऊन वेलांपाशीच होती. मी पदर खोचला आणि चुलतभावाच्या हातात फक्कीचं घमेलं दिलं. "तुझा बांध तूच आख. सरळ. पाणी लागेपर्यंत थांबायचं नाही." तो खुशीत निघाला. मग दुसरं घमेलं तात्यांना. तेही निघाले. काळ्या गाळावर पांढऱ्या रेघा अशा स्पष्ट उठल्या की वर बांधावर उभ्या असलेल्या बायाही बघायला थांबल्या.

दोघं चालत गेले. वहिनीच्या तुकड्याच्या टोकावर एकमेकांच्या समोर आले, एकमेकांना बाजू दिली, आणि पुढे गेले. तसेच पाण्याला पोचले तेव्हा मी वरून ओरडले, "आता थांबा तिथंच. आणि मागं वळून बघा, कुणाच्या दारात कोण उभा आहे."

चुलतभाऊ उभा होता तात्यांच्या शेतासमोर. तात्या उभे होते चुलतभावाच्या शेतासमोर. सरळ बांधाने दोघांना एकमेकांच्या जागी नेऊन सोडलं होतं. म्हणजे ही रीत अशीच चालवायची तर याच्या पाईपला त्याचं शेत ओलांडावं लागणार आणि त्याच्या पाईपला याचं. वरच्या बाया हसायला लागल्या. तात्यांनाही हसू आलं. ते तिथूनच म्हणाले, "बाई, हे तर कात्रीगत झालं की."

"कात्रीच आहे," मी म्हटलं. "आणि तुम्ही दोघं तिची पाती. कापलं कोण जातंय ते बघा आता."

चुलतभाऊ परत आला, पण ताठच. म्हणाला, "बरं, म्हंजी आक्का तुझं म्हननं काय, माझं कमी करायचं?"

"व्हय, कमी करायचं," मी म्हटलं. "तुझंही, तात्यांचंही, वहिनीचंही. पाण्याची कड या काठापेक्षा लहान आहे, तिघांना पुरं कुठून येणार? वर ज्याचं जेवढं तोंड त्या मानाने पाण्यालगत त्याला द्यायचं, आणि रेघा तशा वळवायच्या. सरळ नसतील, पण प्रत्येकाचं तोंड पाण्याला लागेल."

"बांध वाकडा करायचा?" त्याने असं विचारलं, जसं मी त्याला देवळात चपला घालून जायला सांगितलं होतं. सरळ बांध हा आमच्याकडे माणसाच्या अब्रूचा भाग असतो, बांध वाकडा म्हणजे मनात खोट. तो लोभी नाही हो, हे मी आज मनापासून सांगते. त्याला खरंच वाटत होतं की काठी तसूभर सरकवली तर गाव म्हणेल, याने काहीतरी केलं होतं म्हणून माघार घेतली. तेवढ्यासाठी तो अडून बसला होता. "मी न्हाई वाकडा करनार," तो म्हणाला. "वैनींना पानी पायजे तर आमी देऊ की. घरची मान्सं हाय. पन बांध हाय तिथंच ऱ्हाईल."

तेव्हा वहिनी उठली. घागर खाली ठेवली, पदराला हात पुसले आणि चुलतभावाच्या समोर येऊन उभी राहिली. आवाज अजिबात चढवला नाही.

"भावजी," ती म्हणाली, "मला पुन्याला धाडायचं आसंल तर तसं तोंडावर म्हना. मी जाईन. पन मग तुमीच म्हना. बांधाला कशाला म्हनाया लावता?"

चुलतभाऊ तिच्याकडे बघत राहिला, मग तिच्या हाताकडे, तिथले फोड दिसत होते. तिने त्याच्या लग्नात त्याला हळद लावली होती, त्याच्या पोरींची बाळंतपणं आमच्या घरात झाली, हे सगळं मला माहीत होतं तसं त्यालाही माहीत होतं. "न्हाई, न्हाई," तो म्हणाला, "आसं कुठं वैनी." आणि एवढं म्हणून गडी वळला. सरळ खाली गेला, पाण्याकाठी रोवलेली आपली काठी उपटली आणि आपल्या शेताच्या बाजूला सरकवली. तिथून तात्यांकडे बघितलं. तात्यांनी शब्द पाळला, लगेच आपलीही उपटली. दोघांच्या मध्ये पाण्याची कड मोकळी झाली.

पुढचं काम हसतखेळत झालं, उलट मलाच आवरावं लागलं. वर काठाची लांबी पावलांनी मोजली, खाली पाण्याची कड मोजली, वाटे पाडले. तात्या म्हणाले, वहिनींना अजून एक पाऊल द्या, चुलतभाऊ म्हणाला, माझ्यातलं घ्या, तुमच्यातलं नको. एवढा उदारपणा त्यांचा आदल्या दिवशी कुठं गेला होता कोण जाणे. फक्कीच्या रेघा खाली जाताना वळत गेल्या. वहिनीचा तुकडा मध्ये अरुंद झाला, एक बैलगाडी जाईल एवढाच, पण पुढे थेट पाण्याला जाऊन लागला. बघून मला जे समाधान झालं ते सगळ्या नोकरीत एखाददोनदाच झालं असेल. मी वर्गात असते तर टाळ्या वाजवायला लावल्या असत्या.

पाईप दोघांनीच ओढत नेला. इंजिन आधी नखरे करत होतं, इतके दिवस उभं होतं ना. तात्यांनी कारखान्यातली सगळी विद्या लावली, चुलतभावाने शिव्या लावल्या, आणि दोहोंपैकी कशाने तरी ते सुरू झालं. वेलांच्या मुळाशी पाणी पोचलं तेव्हा वहिनी सरीत अनवाणी उभी राहिली आणि पाणी पायावरून जाऊ दिलं. मग कुणाला काही न सांगता वर जाऊन सगळ्यांसाठी पिठलं-भाकरी टाकली. चुलतभावाने दोन भाकरी जास्त खाल्ल्या. तात्या त्याच्याच शेजारी बसले होते.

दुपारी मुलाचा फोन आला. वहिनीने भाकरीचे हात तसेच ठेवून फोन माझ्याकडून कानाला धरवून घेतला. तो म्हणत होता, आई, रविवारी सकाळी निघतो, सामान फार घेऊ नकोस, बाकी नंतर नेता येईल. मला सगळं ऐकू येत होतं.

वहिनीने त्याचं बोलणं पुरं होऊ दिलं. मग म्हणाली, "रविवारी नको येऊ रे. फळं आजून मुठीएवढी हायेत. पिकली की ये, पोरीला पन आन. पोती न्यायाला मोठी गाडी आन."

मग तो म्हणाला, "आणि तू?"

"मी काय," वहिनी म्हणाली, "मी हितंच हाय की."